प्रोसेसर अ, प्रोसेसर ब

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.३०
नवीन वही. आज ठरलं की ठरवणार मी.

स्वरदाला कॉम्प्युटर हवा आहे. गेम खेळायला. माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजांच्या गेमिंग लीगसाठी पाच मुलींची टीम होते आहे. साठ जणींतून तिला पाचात घेतलं. अट एकच: घरी स्वतःचं मशीन हवं, रोज संध्याकाळी पाच ते सात सराव. नोंदणी तीस नोव्हेंबरला बंद. आजवर ती मुलुंडला एका गेमिंग कॅफेत तासावर पैसे भरून खेळत होती. मला माहीत नव्हतं. कुठे जातेस विचारलं की लायब्ररी म्हणायची.

पैसे बायकोच्या, कुंदाच्या, बँकेतल्या आरडीचे. निर्णय माझा. एकोणतीस वर्षं खरेदी विभागात होतो. मार्चमध्ये कंपनीने विभागच बंद केला. माझ्यानंतर तो कुणाला चालवता आला नसता हे त्यांनाही कळलं असणार.

स्वरदा म्हणाली, बाबा, सगळी लिस्ट तयार आहे, तू फक्त हो म्हण. हसू आलं. खरेदी अशी होत नाही.

अडीच महिने आहेत. शिवाय पितृपक्ष चालू. आठवडाभर तसंही काही घेता येत नाही.

१५ सप्टेंबर
यादी तपासली. कॅबिनेट, रॅम, मदरबोर्ड, स्क्रीन. बाकी किरकोळ. खरा प्रश्न एकच, प्रोसेसर. सगळे हिशोब करणारी चिप. दोन कंपन्या, दोन मॉडेल्स, भाव जवळजवळ सारखा. कंपन्यांची नावं इथे लिहिणार नाही. नावाने पूर्वग्रह होतो. ऑफिसात हाच नियम होता. अ आणि ब.

स्वरदाला ब हवा. का, विचारलं. म्हणाली, जान्हवीकडे तोच आहे, मस्त चालतो. जान्हवी म्हणजे टीमची कॅप्टन, घाटकोपरची. ‘मस्त चालतो’ हे कारण कसं होत नाही ते समजावलं. पन्नास मिनिटं. ऐकून घेतलं. गुणी आहे.

कुंदाच्या डोळ्याचंही ऑगस्टपासून पडून आहे. उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या लेन्स सांगितल्या, त्यांचीही तुलना करायची आहे. ती फाइल तूर्त बाजूला. एका वेळी एक विषय.

१८ सप्टेंबर
खरेदी समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य-सचिव स्वरदा. विशेष निमंत्रित कुंदा. पहिली बैठक डायनिंग टेबलावर. चार मोठे कागद जोडून तुलनात्मक तक्ता आखला. एकेचाळीस निकष, प्रत्येकाला वजन. तक्ता टेबलावरून हलवायचा नाही असं ठरलं. जेवण सोफ्यावर, ताटं मांडीवर.

कुंदा म्हणाली, किती दिवस? म्हटलं, पंधरा.

२५ सप्टेंबर
तक्ता झकास चालला आहे. इंटरनेटवर लोकांनी चाचण्या घेतल्या आहेत, त्या वाचतो. गेम चालताना स्क्रीनवर सेकंदाला किती चित्रं उमटतात ते मोजतात. फ्रेम म्हणतात त्यांना. एका गेममध्ये अ १४४, ब १४७. दुसऱ्यात ब १४४, अ १४७. विषय खोल आहे.

स्वरदा रोज संध्याकाळी शेजारी बसते. मी आकडे सांगतो, ती लिहिते. दहावीनंतर आम्ही दोघं असे बसलो नव्हतो. निर्णय झाला की हे संपेल, असा एक विचार चहा घेताना आला. त्याचा तक्त्याशी संबंध नाही.

तिला कॅन्टीनच्या वॉटर कूलरची गोष्ट सांगितली. तीन वर्षं तुलना केली. तेवढ्यात एक मॉडेल बंद पडलं, दुसऱ्याची कंपनी बुडाली. एक रुपया वाया गेला नाही. ती म्हणाली, मग लोक पाणी कुठलं प्यायचे? मुद्दा तो नव्हता.

२ ऑक्टोबर. दसरा
कुंदा म्हणाली, आज तरी काहीतरी घरात येऊ द्या, नारळ फोडून ठेवलाय. मुहूर्ताला एखादी किरकोळ वस्तू घ्यायला हरकत नव्हती. स्वरदाला घेऊन मुलुंड पश्चिमेला चंद्रप्रकाशच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो. स्वरदाने मदरबोर्ड घेऊ म्हटलं. सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी. तिनेच निवडला. चार मिनिटांत. मीही आडकाठी केली नाही. मुलांना कुठेतरी मोकळीक द्यावी.

चंद्रप्रकाशने विचारलं, साहेब, चिप पण देऊन टाकू का हातासरशी? म्हटलं, तो प्रश्न अजून उघडा आहे. तो स्वरदाकडे बघून हसला. तीही हसली. त्याला टाळी दिली तिने. बऱ्याच दिवसांनी एवढी खुलली. बापाबरोबर बाहेर पडलं की असं होतं.

बोर्डाच्या खोक्याला हळदकुंकू, आपट्याचं पान. मग कपाटात, बेडशीटच्या खाली.

५ ऑक्टोबर
सकाळी स्वरदा म्हणाली, बाबा, बोर्ड आणलास म्हणजे झालंच की ठरून, तो बोर्ड म्हणजे... मी थांबवलं. बोर्ड ही पूर्ण झालेली खरेदी. तिच्यावर चर्चा नाही. एका वेळी एक विषय.

दुपारी पुन्हा बोर्डाचा विषय काढला. संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी थोडा आवाज चढवावा लागला. मग तिने विषय सोडला. शिस्त लवकर लागते तिला.

११ ऑक्टोबर
नियमाप्रमाणे तीन कोटेशनं. मुलुंड झालं. आज घाटकोपर आणि बोरिवली. सीलबंद पाकिटात द्या म्हटलं. घाटकोपरचा म्हणाला, काका, व्हॉट्सअ‍ॅप करतो ना. बोरिवलीच्याने खुर्ची दिली, थंड मागवलं आणि हळू आवाजात विचारलं, साहेब कुठल्या डिपार्टमेंटचे? धाड समजला असावा. शेवटी लग्नाच्या आहेराच्या पाकिटात कोटेशन घालून दिलं. वर एक रुपयाचं नाणं चिकटलेलं. सील म्हणून मान्य केलं.

१८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी
गुण: अ ७८, ब ७८.

पंधरा दिवसांचा महिना झाला, असं कुंदा म्हणाली. सगळीकडे सेल चालू आहे, हेही म्हणाली. सेलमध्ये खरेदी म्हणजे विक्रेत्याच्या वेळापत्रकाने चालणं. निकष वाढवून अठ्ठावन्न केले.

वाढताना तिने आमटी वाटीऐवजी बाजूला ओतली. तक्त्यावर. निकष १७ वाचता येईना. म्हटलं, बघून वाढत जा. ती म्हणाली, बघूनच वाढलं.

२२ ऑक्टोबर. पाडवा
वरच्या मजल्यावरच्या राजेशने मशीन आणलं. तयार. त्याची मुलगी श्वेता स्वरदाबरोबरच खेळते. त्या साठ जणींत होती, सहावी आली. राजेशचे वडील मिलमध्ये, हा टेम्पो चालवायचा, आता चार टेम्पो आहेत. बघायला गेलो. प्रोसेसर कुठला, विचारलं. माहीत नाही म्हणाला. मग काय बघून घेतलं? म्हणाला, लायटी. आतून निळ्या-जांभळ्या लागतात, पोरीला आवडल्या, म्हटलं बांध. अर्ध्या तासात दुकानातून बाहेर.

मी माझ्या कामाची कल्पना दिली. तो म्हणाला, अरे नंदू, चिप घेतोयस का सून आणतोयस? त्याची आई वनमालाबाई आतून म्हणाल्या, इतको इचार आमी लग्नाक पण केलो नाय. सगळे हसले. स्वरदाही. ती तिथेच थांबली. मी खाली आलो.

अशा घरांतून वस्तू फार टिकत नाहीत.

३ नोव्हेंबर
समितीची नववी बैठक. स्वरदा आली नाही. परीक्षा जवळ आली म्हणे. कुंदाला नीट दिसत नाही म्हणून ती बसत नाही. गणपूर्ती नव्हती. तरीही अध्यक्षांच्या अधिकारात कामकाज चालवलं.

गुण: अ ७८.५, ब ७८.५.

१२ नोव्हेंबर
रॅमचे भाव भडकले आहेत. चंद्रप्रकाशकडे चौकशी केली. म्हणाला, साहेब, दसऱ्याला घेतली असती तर. या ‘तर’वर धंदेवाले जगतात. माझं मत उलट आहे. एवढी अस्थिरता असताना आपण बाजारात उतरलो नाही, हे शहाणपणच.

स्वरदाला हे सांगितलं. ती भिंतीकडे बघत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार
जान्हवी घरी आली. टीमची कॅप्टन. चुणचुणीत. म्हणाली, काका, तारीख तीस आहे हं. तिला सोफ्यावर बसवून तक्ता दाखवला. पहिल्यापासून. दीड तास. मधे एकदा तिने पाणी मागितलं.

शेवटी म्हणाली, काका, दोन्ही सेम आहेत. म्हटलं, सेम कसे? तीन फ्रेमचा फरक आहे. तिने विचारलं, तुम्हाला तीन फ्रेम दिसतात? आजच्या पिढीत संयम नाही. एका सेकंदाला तीन, म्हणजे मिनिटाला एकशे ऐंशी. तासाला काढून दाखवणार होतो, तोवर ती चपला घालत होती.

दारात दोघी काहीतरी कुजबुजल्या. माझं नाव ऐकू आलं. नाव झालं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
संकल्प: शनिवारपर्यंत निर्णय. काही झालं तरी.

सकाळी स्वरदा समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, तू सरळ नाही म्हण. नाही म्हणालास तर मी आज दुसरं काहीतरी बघते, कुणाकडून तरी जुनं मशीन आणते, काहीही करते. पण नाही म्हण.

म्हटलं, वेडी आहेस का? मी तुला आयुष्यात कधी नाही म्हटलं आहे?

ती विचारात पडली. मग म्हणाली, कधीच नाही म्हटलं नाहीस खरं. मग म्हणाली, बाबा, मला एवढी एकच गोष्ट चांगली येते.

म्हटलं, म्हणून तर घाई नको.

२९ नोव्हेंबर. दुपारी ३
झालं. अ ७९.२. ब ७८.८. आयुष्यात असा आनंद क्वचित मिळतो.

दुपारी ४.१५
अ च्या खोक्यात पंखा येतो की वेगळा घ्यावा लागतो, याबद्दल घाटकोपर आणि बोरिवली यांच्या कोटेशनांत एकवाक्यता नाही. निकष ३१ वर थेट परिणाम. दोघांनाही खुलाशासाठी पत्र लिहिलं. साध्या टपालाने. पेटीत टाकून आलो. उत्तर येईपर्यंत निकाल राखून ठेवला आहे.

स्वरदाला सांगितलं, निम्मं काम झालं. ती म्हणाली, बरं.

३० नोव्हेंबर, रविवार
नोंदणी झाली. पाचवी म्हणून श्वेताला घेतलं. राजेश पेढे घेऊन आला. दारातच म्हणाला, नंदू, तुझ्या पोरीची जागा होती रे ती, मला पण बरं वाटत नाय, पण घे. घेतला. कंदी पेढा, बरा होता.

स्वरदाने जेवण केलं, स्वतःचं ताट घासलं, आईजवळ जाऊन बसली. दोघी हळू बोलत होत्या. रडली वगैरे नाही. खेळाडूने असंच असावं.

लीग काय, दरवर्षी असते. विचारल्यावर कळलं, पुढच्या वर्षी ही टीम नसेल. जान्हवीचं शेवटचं वर्ष.

गरज मात्र कायम आहे. उलट आता तारखेचा दबाव नाही. आता शुद्ध निर्णय घेता येईल.

१ डिसेंबर
आनंदाची बातमी. स्वरदा रोज पाच ते सात वर राजेशकडे जाणार. श्वेता खेळते, ही तिच्या खुर्चीमागे उभी राहून सांगते. डावीकडे बघ, थांब, आता मार. श्वेताला एकटीला जमत नाही म्हणे.

म्हणजे सल्लागार. माझ्याच मार्गावर आली. कुंदाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, तिच्यासमोर नका बोलू.

५ डिसेंबर
दोघी सकाळपासून बाहेर. कुठे, सांगितलं होतं बहुतेक. मी निकष ४४ मध्ये होतो. घर रिकामं असलं की काम छान होतं. दुपारी पोहे उरलेले खाल्ले.

संध्याकाळी आल्या. कुंदाने काळा चष्मा घेतला आहे.

९ डिसेंबर
कुंदा घरातही काळा चष्मा लावून बसते. या वयात ही हौस. ज्याचं त्याला कळावं.

शिवाय दर चार तासांनी स्वरदाच्या मोबाइलचा गजर वाजतो. ती उठून आत जाते, दोघी पाच मिनिटं बंद खोलीत. एकाग्रता मोडते. लेखी सूचना फ्रिजवर लावली: गजराचा आवाज कमी ठेवावा. ठेवला. या घरात माझ्या शब्दाला वजन आहे.

स्वयंपाक सध्या स्वरदा करते. आमटी वाटीत पडते.

१७ डिसेंबर
धनुर्मास लागला. मोठी खरेदी नको. संक्रांतीनंतर बघू. घाटकोपर, बोरिवली यांच्याकडून उत्तर नाही. स्मरणपत्रं पाठवली.

घरात आजकाल भांडण नाही. कुणी कधी घेणार विचारत नाही. विश्वास बसायला वेळ लागतो, पण बसला.

१ जानेवारी
संकल्प: या महिन्यात निर्णय. संकल्प: सकाळी चालणे. संकल्प: कुंदाच्या लेन्सची फाइल उघडणे.

चालायला गेलो होतो. नाहूर स्टेशनपर्यंत. परत रिक्षाने.

८ जानेवारी
श्वेताची टीम पहिल्याच फेरीत हरली. राजेश जिन्यात भेटला. म्हणाला, पोरगी ऐन वेळी घाबरली, तुझी असती तर टीम पुढे गेली असती. त्या मशीनवर आता वनमालाबाई मालिका बघतात. निळ्या-जांभळ्या लायटीत. तीन फ्रेमचा विचार न करता खरेदी केली की असं होतं.

स्वरदाला सांत्वनाचे चार शब्द सांगितले: बघ, आपण घाई केली नाही. ती म्हणाली, हो बाबा, आपण घाई केली नाही. माझेच शब्द. पटलं असणार.

१४ जानेवारी. संक्रांत. सकाळी ११.२०
अ ७९.६. ब ७९.१. त्रेसष्ट निकष. पंख्याचा निकष वगळला, दोघंही उत्तर देत नाहीत म्हणजे त्यांना महत्त्व नाही.

अ. अंतिम.

चार महिने. तक्त्यावर तारीख घातली, सही केली. सदस्य-सचिवांच्या जागी स्वरदाला सही करायला सांगितली. तिने वाचलं. खूप वेळ वाचलं. विचारलं, अ? नक्की? म्हटलं, नक्की. तिने आईकडे बघितलं. कुंदाने चष्म्याशिवाय तिच्याकडे बघितलं आणि चेहरा दुसरीकडे केला. स्वरदाने सही केली. पेन परत देऊन ती घाईने आत गेली. भारावली असावी.

तिळगूळ वाटला. उद्या किंक्रांत, अशुभ. परवा जाणार.

१६ जानेवारी. दुपारी १२.३०
चंद्रप्रकाशचं दुकान. कपाटातला बोर्ड बरोबर नेला. दसऱ्याचं हळदकुंकू अजून खोक्यावर. स्वरदाला चल म्हटलं तर ती म्हणाली, तूच जा, तुझा दिवस आहे.

म्हटलं, अ द्या. चंद्रप्रकाशने खोकं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाला, साहेब, हा तर ब चा बोर्ड आहे. (त्याने कंपनीचं नाव घेतलं. मी इथे ब लिहितो.) म्हटलं, म्हणजे? त्याने खोकं उघडून दाखवलं. मधोमध एक चौकोनी खाच. चिप तिथे बसते. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी. या बोर्डावर अ बसत नाही. कधीच बसणार नव्हता. ज्या दिवशी बोर्ड घेतला त्या दिवशी ब ठरला.

तीन महिने चौदा दिवस.

म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलं? म्हणाला, चिप पण घेऊन जा बोललो की. तुम्ही बोललात, प्रश्न उघडा आहे. मला वाटलं साहेब मस्करी करतायत. पोरगी पण हसत होती. गिऱ्हाइकं उभी होती दोन. त्यांना त्याने सगळं परत सांगितलं, माझ्यासमोर. एक जण म्हणाला, अरे बाप रे. दुसऱ्याने माझ्यासाठी स्टूल सरकवलं.

मोठेपणा दाखवला. म्हटलं, ठीक आहे, ब द्या. बाकीचंही सगळं द्या. कुंदाला फोन केला, आरडीतून पैसे पाठव. ती म्हणाली, घरी या. म्हटलं, दुकानात उभा आहे. म्हणाली, म्हणूनच सांगते, घरी या.

दुपारी ३
जसं घडलं तसं लिहितो.

कुंदा म्हणाली, पैसे नाहीत. डोळ्याला लागले. विचारलं, कुठल्या डोळ्याला? ती म्हणाली, माझ्या. पाच डिसेंबरला ऑपरेशन झालं. काळा चष्मा, चार चार तासांनी थेंब. फ्रिजवर तुम्ही सूचना लावलीत ना, त्या गजराचे थेंब.

ज्या दुपारी नोंदणी बंद झाली, त्याच दुपारी स्वरदा तिला म्हणाली होती, आई, आता ते पैसे पडूनच राहणार, तू डोळा करून घे. पाच मिनिटांत ठरलं.

लेन्स कुठली, मी विचारलं. दोन प्रकार होते. कुंदा म्हणाली, डॉक्टरांना विचारलं तुम्ही कुठली घातली असती, तीच घातली.

स्वरदाला विचारलं, बोर्डाचं तुला माहीत होतं? ती म्हणाली, मीच निवडला ना. मला वाटलं, बोर्ड आला म्हणजे तुला ब घ्यावाच लागेल. तीनदा सांगायला आले. तिसऱ्यांदा तू ओरडलास. मग वाटलं, दुकानात गेल्यावर तरी कळेलच. पण तू गेलाच नाहीस.

आणि तीस तारखेनंतर? तेव्हा का नाही सांगितलं?

कुंदा म्हणाली, मी नको म्हटलं. मार्चपासून तुम्ही दिवसभर मागे मागे फिरत होतात. डब्यांवर तारखा घालत होतात, गॅसची ज्योत मोजत होतात. तक्ता आला आणि तुम्ही टेबलापाशी बसलात. घर शांत झालं. पुढे त्याचं काय होतं याच्याशी आम्हाला कर्तव्य नव्हतं.

हे ती चांगल्या आवाजात म्हणाली.

मग कळलं, मी कधी घेणार यावर पैजही होती. राजेशने दिवाळी म्हटली होती. जान्हवीने नाताळ. स्वरदाने सुरुवातीला पंधरा दिवस म्हटले होते, मी सांगितले होते तेवढेच. कुंदाने म्हटलं होतं, घेणारच नाहीत. फालुदा तिला मिळणार.

मी म्हटलं, प्रक्रिया तरी बरोबर होती. कुंदा चहा टाकायला उठली.

१७ जानेवारी
बोर्ड घेऊन स्वरदा चंद्रप्रकाशकडे गेली होती. त्याने वापरलेल्या वस्तूचा भाव दिला. वापरला नव्हता, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तेही सांगितलं त्याला. तो म्हणाला, जुना झाला. पैसे तिने तिच्याकडेच ठेवले.

डायनिंग टेबल मोकळं केलं. तक्ता चार ठिकाणी चिकटला होता. आमटी. ओला फडका लावून काढला. निकष १७ टेबलावरच राहिला. उलटा छापल्यासारखा.

रात्रीचं जेवण टेबलावर झालं. कुंदा समोर बसली होती, चष्म्याशिवाय. वाढता वाढता एकदा थांबून माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, नीट दिसतं का आता? म्हणाली, हो. सगळं.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ४.४०
स्वरदा केस बांधून, बॅग घेऊन निघाली. विचारलं, कुठे? म्हणाली, लायब्ररी.

कॉलेजची लायब्ररी रविवारी बंद असते.

म्हटलं, सावकाश ये.